१९५४ चं अमेरिकन पुस्तक: कॉपीराइटचं रिन्यूअल झालं होतं का, हे नक्की कसं तपासायचं?

मलपृष्ठ

न्यूयॉर्कला १९५४ साली निघालेल्या एका विज्ञानविषयक ललित पुस्तकाचा मराठी अनुवाद काढायचा विचार चालू आहे. शीर्षकपानाच्या मागे © १९५४, लेखकाचं नाव आणि प्रकाशकाचं नाव, एवढंच आहे. मूळ प्रकाशनसंस्था नंतर दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि ती कंपनी पत्रांना उत्तर देत नाही. लेखक १९८१ मध्ये वारले. अकरापैकी दोन प्रकरणं आधी मासिकात आली होती, असा ऋणनिर्देशात उल्लेख आहे. चित्रं दुसऱ्याच चित्रकाराची आहेत.

‘अमेरिकेत १९६४ च्या आधीचं सगळं मोकळं असतं’ असं छपाईवाल्यांकडून सर्रास ऐकायला मिळतं. स्टॅनफर्डच्या रिन्यूअल डेटाबेसमध्ये शीर्षक टाकून पाहिलं, काही आलं नाही. एवढ्यावर अनुवादकाला आगाऊ रक्कम द्यावी का?

जोडप्रश्न: जुन्या मराठी पुस्तकांच्या कॉपीराइट नोंदणीचंही असं नूतनीकरण करावं लागतं का? एका एजंटाचं तशा अर्थाचं पत्र प्रकाशकाकडे आलं आहे, सोबत फीचा आकडाही आहे.

जुनी_नोंदवही

थांबा, इतक्यात पैसे देऊ नका. ‘१९६४ च्या आधीचं सगळं मोकळं’ हे अर्धसत्य आहे. ज्यांचं रिन्यूअल झालं नाही ती मोकळी, म्हणजे कॉपीराइट संपलेली. ज्यांचं झालं त्यांना प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे, म्हणजे तुमच्या पुस्तकाला २०४९ च्या ३१ डिसेंबरपर्यंत.

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यात पहिली मुदत २८ वर्षांची होती. अठ्ठाविसाव्या वर्षात अर्ज केला तर दुसरी मुदत मिळायची, नाही केला तर हक्क तिथेच संपायचा. दुसरी मुदतही आधी २८ वर्षांचीच होती. १९७६ च्या कायद्याने ती ४७ केली, १९९८ मध्ये ती ६७ झाली. २८ अधिक ६७, असे ते ९५. पुढे १९९२ च्या दुरुस्तीने १९६४ ते १९७७ मधल्या प्रकाशनांचं रिन्यूअल आपोआप होईल असं ठरलं, म्हणून सीमारेषा १९६४ ची. दुसऱ्या टोकाला, १९३० पर्यंतची प्रकाशनं २०२६ च्या १ जानेवारीपासून मुदत संपून मोकळी झाली. म्हणजे शोधाशोध करायची ती १९३१ ते १९६३ या पट्ट्यात.

कोणत्या वर्षीच्या नोंदी बघायच्या, इथे लोक हमखास चुकतात. १ जानेवारी १९७८ पासून सगळ्या मुदती वर्षअखेरीला संपू लागल्या. त्याआधी त्या प्रकाशनाच्या तारखेला संपत. त्यामुळे १९४९ पर्यंतच्या पुस्तकासाठी प्रकाशनवर्षात २७ आणि २८ मिळवून येणारी दोन्ही वर्षं बघावी लागतात. १५ जून १९४८ चं पुस्तक असेल तर अर्ज जून १९७५ ते जून १९७६ मध्ये कधीही आलेला असू शकतो. १९५० च्या पुस्तकासाठी १९७७ आणि १९७८ दोन्ही बघा. १९५१ पासून पुढे हिशेब सोपा: प्रकाशनवर्षात २८ मिळवा. तुमच्यासाठी १९८२.

आता डेटाबेसबद्दल. स्टॅनफर्डच्या यादीत फक्त ‘ए’ वर्गाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी आहेत. मासिकं, मासिकांतले लेख, नाटकं, संगीत, नकाशे यांतलं काहीही तिथे सापडणार नाही. तुमची मासिकातली दोन प्रकरणं तिथे दिसण्याचा प्रश्नच नाही. शिवाय पूर्ण शीर्षक टाकून शोधणं ही सगळ्यात कच्ची पद्धत. सुरुवातीचं उपपद (‘द’, ‘अ’) गाळलेलं असतं, उपशीर्षक जोडलेलं असतं, नाहीतर टंकलेखनात एखादं अक्षर सुटलेलं असतं. फक्त आडनाव टाका आणि सगळ्या नोंदी डोळ्यांखालून घाला. मग चित्रकाराचं आडनाव, मग प्रकाशकाचं नाव. लेखक टोपणनावानेही लिहीत असेल तर तेही.

सगळ्यात भरवशाचा मार्ग मूळ नोंदणी क्रमांकाचा. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसच्या छापील नोंदसूचीच्या १९५४ च्या पुस्तक विभागात, जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबर अशा दोन्ही भागांत, तुमचं पुस्तक शोधा. हे खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. तिथे प्रकाशनाची नेमकी तारीख आणि ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक मिळेल. १९७८ नंतरच्या रिन्यूअल नोंदी ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आहेत आणि प्रत्येकीत ‘अमुक मूळ नोंदणीचं रिन्यूअल’ अशी ओळ असते. क्रमांक टाकताना मध्ये शून्यं भरून एकूण बारा अक्षरं करा, नाहीतर नोंद असूनही निकाल रिकामा येतो. रिन्यूअलचा स्वतःचा क्रमांक १९७८ पासून ‘आरई’ने सुरू होतो, त्याआधी नुसत्या ‘आर’ने.

१९४९ पर्यंतच्या पुस्तकांसाठी मात्र छापील खंडही चाळावे लागतात, आणि डिसेंबरात पोचलेला अर्ज कधीकधी पुढच्या सहामाहीच्या खंडात छापलेला असतो. तोही उघडा.

शिळाप्रेस

वरचं सगळं बरोबर. मासिकातल्या प्रकरणांबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण या प्रकरणातला खरा काटा तोच आहे.

मुदत मोजतात ती मजकुराच्या पहिल्या प्रकाशनापासून. जे प्रकरण १९५३ च्या मासिकात आलं, त्याचं घड्याळ १९५३ लाच सुरू झालं. पुस्तकाच्या © १९५४ मध्ये त्या प्रकरणापुरता फक्त नवा मजकूर येतो. म्हणजे तपासणी दोनदा: एकदा पुस्तकाची, एकदा मासिकाची. मासिकाच्या बाजूलाही दोन पदर आहेत. अख्ख्या अंकाचं रिन्यूअल प्रकाशकाने केलं असेल, किंवा लेखकाने फक्त आपल्या लेखाचं स्वतंत्रपणे केलं असेल. लेखकाला तसा हक्क होता आणि धंद्यात मुरलेले लेखक आणि त्यांचे एजंट तो बजावत असत.

अंकांसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ऑनलाइन बुक्स पेजवर नियतकालिकांची यादी आहे. कोणत्या मासिकाच्या कोणत्या अंकापासून रिन्यूअल सुरू झालं हे त्यात पहिल्या सापडलेल्या नोंदीसह दिलंय. तुमच्या मासिकाचं पहिलं रिन्यूअल १९५८ च्या अंकाचं असेल, तर १९५३ च्या अंकाची काळजी मिटली. लेखाची काळजी मात्र राहतेच. ती ऑनलाइन सूचीत लेखकाच्या नावाने वेगळी शोधा, १९८१ आणि १९८२ अशा दोन्ही वर्षांत.

दोन वर्षं का? अमेरिकन मासिकांचा जानेवारीचा अंक डिसेंबरातच स्टॉलवर यायचा. अंकावर जानेवारी १९५४ छापलेलं, पण प्रकाशन डिसेंबर १९५३ चं. त्याची मुदत १९८१ च्या अखेरीस संपली. १९८२ मध्ये केलेला अर्ज उशिरा ठरतो, आणि १९८१ मध्ये केलेला अर्ज फक्त १९८२ शोधणाऱ्याला दिसत नाही.

याउलट एक खाच पुस्तकांतही आहे. छापलेल्या नोटिशीत (© च्या ओळीत) खऱ्या प्रकाशनाच्या आधीचं वर्ष असेल तर मुदत त्या आधीच्या वर्षापासून मोजली जाते. पुस्तक फेब्रुवारी १९५४ मध्ये आलं आणि आत © १९५३ असेल, तर मुदत १९८१ लाच संपते.

नोंद सापडली की ती नीट वाचायला शिका. दावेदाराच्या नावापुढे कंसात एक-दोन अक्षरं असतात: ए म्हणजे लेखक स्वतः, डब्ल्यू विधवा, सी अपत्य, ई मृत्युपत्राचा व्यवस्थापक, एनके जवळचे वारस, पीडब्ल्यूएच म्हणजे पगारी वा नेमून दिलेल्या कामाचा मालक, पीसीडब्ल्यू म्हणजे संकलित कृतीचा मालक. ही अक्षरं शोभेची नाहीत. रिन्यूअलचा हक्क कायद्याने ठरावीक माणसांनाच होता आणि तोही क्रमाने: लेखक हयात असेल तर फक्त लेखक, नसेल तर पत्नी वा पती आणि मुलं, तीही नसतील तर मृत्युपत्राचा व्यवस्थापक, तोही नसेल तर जवळचे वारस. एकट्या लेखकाने स्वतंत्रपणे लिहिलेल्या पुस्तकाचं रिन्यूअल प्रकाशकाने पीडब्ल्यूएच लावून केलेलं असेल, तर त्याच्या वैधतेवर प्रश्न उभा राहतो. पण तेवढ्या आधारावर अनुवाद छापायला घेऊ नये. तो वाद कोर्टातच सुटतो आणि तिथला वकील डॉलरमध्ये बिल लावतो.

आणखी एक खूण: नोंदीत ‘एनएम’ असेल तर रिन्यूअल फक्त नव्या मजकुराचं आहे, उदाहरणार्थ सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेचं. मूळ आवृत्ती वेगळी तपासावी लागते.

चित्रांचं बरंच सोपं. ती याच पुस्तकात पहिल्यांदा छापली गेली असतील आणि कोणीही वेगळं रिन्यूअल केलं नसेल, तर ती पुस्तकाबरोबरच मोकळी झाली. चित्रकाराचं नाव शोधून घ्या म्हणजे झालं.

मलपृष्ठ

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे शोधलं. मूळ नोंदणी मिळाली: प्रकाशन ऑक्टोबर १९५४, क्रमांक ‘ए’ वर्गाचा. तो क्रमांक शून्यं भरून टाकला, १९८२ मध्ये काही नाही, १९८१ आणि १९८३ मध्येही नाही. चित्रकाराच्या नावावर काही नाही. मासिकाच्या त्या काळातल्या अंकांचं रिन्यूअल यादीत दिसत नाही.

पण लेखकाच्या नावावर फेब्रुवारी १९८१ ची एक ‘आरई’ नोंद आहे. दोनपैकी एका प्रकरणाचं शीर्षक, मासिकाचं नाव, अंक सप्टेंबर १९५३, दावेदार लेखक स्वतः, पुढे कंसात ए. लेखक त्याच वर्षी पण नंतर वारले. आता काय समजायचं? पुस्तक मोकळं आणि त्यातलं एक प्रकरण बांधलेलं, असं असू शकतं?

शिळाप्रेस

असू शकतं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. ती नोंद निर्दोष दिसते: वर्ष बरोबर, दावेदार बरोबर, अर्ज करताना लेखक हयात. त्या एका प्रकरणाला अमेरिकेत १९५३ पासून ९५ वर्षं, म्हणजे २०४८ अखेरपर्यंत संरक्षण आहे. पुस्तकात येताना त्यात जे फेरफार झाले तेवढे मोकळे, पण मूळ मजकूर बांधलेला असल्यामुळे त्या फेरफारांचा वेगळा उपयोग शून्य. उरलेली दहा प्रकरणं अमेरिकेत १ जानेवारी १९८३ पासून मोकळी आहेत.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा चित्रपट. चित्रपटाचं रिन्यूअल १९७४ मध्ये राहून गेलं, वर्षानुवर्षं टीव्ही केंद्रांनी तो फुकट दाखवला. पण ज्या कथेवर तो बेतला होता ती कथा संरक्षित होती, आणि १९९३ मध्ये हक्कदार कंपनीने त्याच आधारावर हे प्रक्षेपण थांबवलं. वरचा थर मोकळा झाला म्हणून खालचा होत नाही.

व्यवहारात दोन वाटा: ते प्रकरण गाळायचं आणि तसं मराठी आवृत्तीत स्पष्ट लिहायचं, किंवा फक्त त्या प्रकरणासाठी वारसांची परवानगी घ्यायची. एका प्रकरणाची परवानगी अख्ख्या पुस्तकाच्या हक्कांपेक्षा पुष्कळ स्वस्तात पडते. आणि पत्र विलीन झालेल्या कंपनीला नको, लेखकाच्या वारसांना लिहा. रिन्यूअल लेखकाच्या नावावर आहे.

कलमवाली

तुमच्या शोधात अजून भारत आलाच नाही. मराठी पुस्तक पुण्यात छापून इथेच विकायचं, तर लागू होतो तो आपला १९५७ चा कायदा.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९८१ अधिक ६०, म्हणजे २०४१ च्या अखेरपर्यंत. नुसतं एवढंच पाहिलं तर अख्खं पुस्तक बांधलेलं. सुटका होते ती १९९९ च्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेशामुळे. परदेशी कृतीला भारतात मिळणारी मुदत तिच्या मूळ देशातल्या मुदतीपेक्षा जास्त असणार नाही, असं त्यात म्हटलंय. मूळ देश अमेरिका असेल आणि तिथे मुदत १९८२ ला संपली असेल, तर इथेही संपली. रिन्यूअल झालेल्या प्रकरणाला मात्र आपली २०४१ ची मर्यादा लागेल, अमेरिकेची २०४८ ची नाही.

आता शीर्षकपानाची मागची बाजू परत एकदा भिंगातून बघा. ‘कॅनडात एकाच वेळी प्रकाशित’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ कुठे आहे का? अमेरिका बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १ मार्च १९८९ ला आली. त्याआधी तिथले प्रकाशक त्याच दिवशी कॅनडात मोजक्या प्रती विक्रीला ठेवून मागच्या दाराने बर्नचं संरक्षण मिळवत. तशी ओळ असेल तर बर्नच्या हिशेबाने मूळ देश कॅनडा असा दावा होऊ शकतो, आणि मग अमेरिकेतलं रिन्यूअल झालं नाही या मुद्द्याचा भारतात उपयोग राहत नाही. लंडन आवृत्ती तीस दिवसांच्या आत निघाली असेल तरी तीच अडचण. तुम्ही मागच्या बाजूचा जो मजकूर दिलाय त्यात हे नाही, पण आवरणावर आणि शेवटच्या पानावरही बघून घ्या. अमेरिकेतला शोध कितीही चोख केला तरी ही एक ओळ तो निकामी करू शकते.

ई-बुक काढणार असाल तर विक्रीच्या देशांत जर्मनी आणि कॅनडावर खूण करू नका. हे दोन्ही देश अमेरिकन पुस्तकांना छोट्या मुदतीचा नियम (मूळ देशात मुदत संपली की इथेही संपली) लावत नाहीत. तिथे हे पुस्तक २०५१ च्या अखेरपर्यंत बांधलेलं आहे.

एजंटाच्या पत्राचं: कचऱ्याच्या टोपलीत टाका. भारतात कॉपीराइटच्या नोंदणीचं नूतनीकरण नावाचा प्रकारच नाही. नोंदणी मुळात ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी फॉर्म चौदा आणि ५०० रुपये, मग हरकतींसाठी ३० दिवस, आणि एकदा नोंद झाली की ती हक्काच्या मुदतीभर चालते. दर १० वर्षांनी नूतनीकरण असतं ते ट्रेडमार्कचं, आणि याच गोंधळावर या पत्रांचं पोट चालतं. जुन्या नोंदीत मालकाचं नाव वा पत्ता बदलायचा असेल, तर फॉर्म पंधरा भरून दुरुस्ती करून घ्यायची. हे काम वारसांनी खरंच करावं, कारण दहा वर्षांनी कोणी परवानगी मागायला आलं तर माणूस सापडायला हवा.

न्यूजर्सीकर

विषयाला धरूनच दोन प्रश्न. एक, वडिलांचं १९६८ चं इंग्रजी पुस्तक न्यूयॉर्कला निघालं होतं, त्याचं रिन्यूअल आता करता येईल का? दुसरं, १९३५ चं एक मराठी पुस्तक, लेखक १९५० मध्ये वारले. भारतात ते मोकळं आहे. त्याचा स्कॅन इथल्या सर्व्हरवर ठेवला तर चालेल ना? अमेरिकेत त्याचं रिन्यूअल कोण करणार होतं!

जुनी_नोंदवही

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते उलटं आहे. रिन्यूअल झालं नाही म्हणून मोकळं, हा नियम अमेरिकेत पहिल्यांदा निघालेल्या पुस्तकांसाठी. परदेशी पुस्तकांचे असे हुकलेले हक्क अमेरिकेने १ जानेवारी १९९६ ला परत जिवंत केले. अट एकच महत्त्वाची: त्या दिवशी मूळ देशात हक्क चालू असायला हवा. भारतात त्या दिवशी १९४१ किंवा त्यानंतर वारलेल्या लेखकांचे हक्क चालू होते. आपली मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचे, म्हणजे १९४१ ला वारलेल्यांचे, हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार म्हणून ऐनवेळी ती ६० केली. १९४० पर्यंत वारलेल्यांचे तोवर संपले होते, ते परत आले नाहीत. तुमचा लेखक १९५० चा. त्यामुळे भारतात २०११ पासून मोकळं असलेलं ते पुस्तक अमेरिकेत २०३० च्या अखेरपर्यंत बांधलेलं आहे. स्कॅन भारतातल्या सर्व्हरवर ठेवा.

१९६८ च्या पुस्तकाचं रिन्यूअल आपोआप झालेलं आहे, २०६३ अखेरपर्यंत. हवी तर नोंद आजही करता येते. फॉर्म आरई, कागदावर भरून टपालाने, फी १२५ डॉलर. ऑनलाइन अर्जाची सोय नाही. पहिल्या २८ वर्षांत मूळ नोंदणीच झाली नसेल तर सोबत पुरवणी फॉर्म लागतो आणि नोटीस छापलेली प्रत दाखवावी लागते. कोणावर दावा लावायचा असेल तरच या खटपटीत पडा. १९६३ आणि त्याआधीच्या पुस्तकांची खिडकी ३१ डिसेंबर १९९१ ला कायमची बंद झाली. त्यांचं रिन्यूअल करून देतो म्हणणारा पैसेच उकळतोय.

तुमच्या हातात याहून मोलाची गोष्ट आहे. १९७८ च्या आधी प्रकाशकाला लिहून दिलेले हक्क ५६ वर्षांनंतर परत घेता येतात. तुमच्या पुस्तकासाठी ही पाच वर्षांची खिडकी २०२४ ते २०२९, प्रकाशनाच्या तारखेपासून मोजून. हक्क ज्या दिवशी परत हवेत त्याच्या किमान दोन वर्षं आधी प्रकाशकाला लेखी नोटीस पोचली पाहिजे, आणि त्या दिवसाच्या आत तिची नोंद कॉपीराइट ऑफिसात झाली पाहिजे. लेखक हयात नसेल तर निम्म्याहून जास्त हिस्सा असलेल्या वारसांच्या सह्या लागतात. आई हयात असेल तर निम्मा हिस्सा तिचा आणि निम्मा सगळ्या मुलांचा मिळून, म्हणजे एकट्या आईची सही पुरत नाही आणि तिच्याशिवाय मुलांचीही नाही. परत मिळतात ते फक्त अमेरिकेतले हक्क.

मलपृष्ठ, तुमच्यासाठी शेवटचं एक. केलेल्या प्रत्येक शोधाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, रिकामा आला तो आधी. प्रकाशक धास्तावलेलाच असेल तर कॉपीराइट ऑफिसकडून अधिकृत शोध करून घेता येतो: तासाला २०० डॉलर, किमान दोन तास. तो मागवताना लेखक, चित्रकार, मासिकाचं नाव आणि दोन्ही वर्षं अर्जात लिहून द्या. तुम्ही लिहाल तेवढंच ते शोधतात.